सोडून दिलेलं जनावर

आमच्याकडे एखादं माणूस फारच गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलं की त्याला ‘गोगलगाय’ म्हणतात. आणि तेच माणूस पुढे भलतंच काही करून बसलं की ‘गोगलगाय आन् पोटात पाय’ म्हणायला लोक मोकळे. ही म्हण मी शाळेत वर्षानुवर्षं पोरांना वाक्यात उपयोग करायला लावली. ती खरी कळली मात्र २०२२ च्या जुलैत, नोकरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर, माझ्याच रानात.

त्या साली पावसाने जून कोरडा घालवला होता. मृग तसाच गेला. आर्द्राच्या शेवटी बरा पाऊस झाला, वापसा आला आणि लातूरच्या आमच्या पट्ट्यात सगळ्यांनी एकदमच सोयाबीन पेरलं. पाचव्या-सहाव्या दिवशी उगवण दिसली. तास कसे पट्टीने आखल्यासारखे. दोन दिवसांनी सकाळी बांधावर गेलो तर नाल्याकडचे सात-आठ तास गायब. रोपाचा नुसता दांडा, वरची दोन जाड दलं कुरतडून नेलेली. कोवळ्या सोयाबीनची सगळी शिदोरी त्या दोन दलांत असते. ती गेली की ते रोप संपलं.

आधी मला वाटलं, पाखरं. मग वाटलं हरणं. पण हरणाचे खूर कुठे दिसेनात. वाणी पडली असेल म्हणावं तर वाणीचं काम असं तासच्या तास साफ करण्याचं नाही. सालगडी म्हणाला, “गुर्जी, दिवसा काय बघायलाव? रातच्याला बॅटरी घेऊन या.”

रात्री नऊला गेलो. भुरभुर चालू होती. बांधावरून रानात पाय टाकला आणि चपलेखाली काहीतरी कुडकन फुटलं. बॅटरी खाली मारली. तांबूस, उभ्या पट्ट्यांचे शंख. काही बोटभर, काही अगदी मुठीएवढे. एका रोपावर दोन-दोन. बॅटरी जिकडे फिरवावी तिकडे ओल चमकत होती आणि ती ओल पुढे सरकत होती. लहानपणी पावसाळ्यात भिंतीवर दिसायच्या त्या गोगलगायी या नव्हत्या. आवाज कसलाच नव्हता. हत्ती शिरला तर निदान झाडं मोडल्याचा आवाज येतो. माझं चार एकर रान काहीही आवाज न करता खाल्लं जात होतं.

पुढचा महिनाभर आम्ही दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून तासातासातून पसरायची. सकाळी उजाडायच्या आत उचलायची. त्याखाली गोळा झालेले शंख घमेल्यात भरायचे आणि मिठाच्या पाण्याच्या पिपात टाकायचे. बायका हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून वेचत होत्या. बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढला, पण पाऊस थांबेना आणि चुना राहीना. विषारी गोळ्यांचं आमिष मिळतं, पण तेव्हा दुकानात ते मिळेना. मिळालं तेव्हा कुत्र्याने खाऊ नये, कोंबड्यांनी खाऊ नये, वासराने चाटू नये म्हणून पुन्हा राखणीला माणूस. एका दिवसात आम्ही सहा घमेली भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. खड्ड्यात पुरलेल्या शंखांचा वास नाकातून जायला दिवाळी उजाडली.

दुबार पेरणी केली, तीही गेली. तिबार केली ती कशीबशी टिकली, पण उशिराच्या पेऱ्याला शेंग किती लागणार? लातूर, धाराशिव, बीड, तिन्ही जिल्ह्यांत हेच. शेजारच्या वाडीतल्या एकाने तिसऱ्यांदा बियाण्याची पिशवी उधार मागितली, तेव्हा दुकानदार त्याला म्हणाला, “आता गोगलगायीलाच सातबारा दे.” हसू आलं नाही कुणाला. पंचनामे झाले, मदतीचं बोलणं झालं. मोडाची जी तारीख गेली ती मात्र परत आली नाही.

कृषी खात्याचा एक तरुण अधिकारी रानात आला होता. त्याने शंख हातमोजा घालून उचलला आणि म्हणाला, “सर, ही आपली नाही. आफ्रिकन आहे.”

मी म्हणालो, “आफ्रिकेतून चालत आली काय?”

तो हसला. पण मी जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. परदेशातली वस्तू गावात आली तर ती कुणीतरी आणलेली असते, हे मला कळायला हवं होतं. बटाटा, मिरची, तंबाखू कुणी आणली ते मी फळ्यावर लिहून दिलेलं होतं. मग गोगलगाय कुणी आणली, हे शोधायला बसलो.

मूळ हिचं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडचं. तिथून मादागास्कर, तिथून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉरिशस. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विल्यम हेन्री बेन्सन नावाचा साहेब होता. त्याला शंख-शिंपल्यांचा भारी नाद. नुसता नाद नव्हे, अभ्यासही मोठा. हिंदुस्थानातल्या कितीतरी गोगलगायींना पहिल्यांदा शास्त्रीय नाव त्याने दिलं. १८४७ साली त्याने मॉरिशसहून या जातीच्या दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. स्वतः कलकत्ता सोडताना त्या त्याने शेजाऱ्याकडे दिल्या, आणि त्या चौरंगीच्या बागेत सोडल्या गेल्या.

दोन. पोतं नाही, पेटी नाही. दोन नग.

त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. एकाला नाद होता, दुसऱ्याला मारवलं नसेल किंवा सांभाळायचा कंटाळा आला असेल. पुढे बंगालच्या बागा भरल्या. १९०० च्या सुमारास सिलोनमध्येही ती अशीच कुणाच्या तरी नादापायी पोचली आणि दहा वर्षांत तिथे कीड म्हणून ओळखली जायला लागली. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांनी खायला म्हणून ती पॅसिफिकच्या बेटांवर नेली. आपल्या देशात ती आगगाडीच्या मालातून, कुंडीतल्या मातीतून, रोपवाटिकेच्या ट्रकमधून सरकत राहिली. तिच्या स्वतःच्या पायाने ती एका रात्रीत बांधसुद्धा नीट ओलांडत नाही. तिला चालवलं ते माणसांनी.

हे वाचून मला त्या साहेबाचा राग आला. दोन-चार दिवस मी पारावर ज्याला त्याला ही गोष्ट सांगितली. “इंग्रजाने कोहिनूर नेला आन् गोगलगाय दिली,” असंही म्हणालो. लोकांना ते वाक्य आवडलं. एका रात्री जेवताना मी तेच घरात म्हणालो. बायको पोळी लाटता लाटता थांबली.

“अहो, आपल्या गुड्डूची गोगलगाय आठवती का तुम्हाला?”

मला आठवली, आणि घास तिथेच थांबला.

२०१८ ला आम्ही रानात नवीन घर बांधलं. दसऱ्याच्या आसपास मी लांबच्या जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेतून आंब्याची कलमं आणि चार शोभेची झाडं मागवली. दिवाळीत पुण्याहून लेकीचा मुलगा आला, तेव्हा आठ वर्षांचा. त्याला एका पिशवीच्या बुडाशी चिकटलेला मोठा शंख सापडला. पोरगं हरखून गेलं. लोणच्याच्या बरणीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली, मेथीची पानं घातली. आठ दिवस त्याला दुसरं काही सुचलं नाही. तिला हत्तीसारखी चार शिंगं आहेत, त्यातल्या दोन शिंगांच्या टोकाला डोळे आहेत, हे त्यानेच मला दाखवलं. सुट्टी संपली तेव्हा बरणी पुण्याला न्यायचा हट्ट धरला. लेक म्हणाली, “ती घाण गाडीत नको.” पोरगं रडायला लागलं.

तेव्हा मी मध्ये पडलो. मी शिकलेला, मी आजोबा. मी म्हणालो, “सोडून दे बाबा. मुक्या जिवाला कोंडलं की पाप लागतं. सोडलं की पुण्य.” आणि त्याचं बोट धरून मीच त्याला नाल्याकडच्या बांधावर घेऊन गेलो. त्याने बरणी आडवी केली. ती हळूहळू बाहेर आली आणि गवतात गेली. पोराने हात हलवून टाटा केला. मलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याला फोन केला. म्हणालो, “साहेब, एकटी गोगलगाय असली तर पिल्लं होतील काय?”

तो म्हणाला, “सर, हिच्यात नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येकीला अंडी होतात. संग आधी झालेला असला तर त्याचं बीज ती कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. एका वेळेला शे-दोनशे अंडी, वर्षातून चार-पाच खेपा. उन्हाळ्यात मातीत खाली जाते, शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा धरते आणि पडून राहते. पाऊस पडला की वर. का, काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो.

तालुका काही माझ्या एका गोगलगायीने खाल्ला नाही. माझ्यासारखी कलमं अनेकांनी आणली होती, शेणखताच्या ट्रॉल्या गावोगाव फिरत होत्या, नाल्याला पूर येत होते. नाल्याकडचे तास आधी गेले म्हणजे ती माझीच, असं कोर्टात कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण मी काही कोर्टात उभा नव्हतो. पारावर जाऊन साहेबाला शिव्या देणं मी बंद केलं.

त्याच साली १७ सप्टेंबरला टीव्हीवर दिवसभर चित्ते दाखवत होते. नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशात श्योपूर जिल्ह्यात, कुनोच्या रानात सोडले. सगळं गाव बघत होतं. मला मात्र श्योपूर हे नाव ऐकून दुसरी गोष्ट आठवली, कारण ती आपल्याच माणसांची आहे.

ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. त्यांच्यातले माधवराव महाराज मोठे कर्तबगार. आगगाडी, पाटबंधारे, कारखाने, सगळ्यात त्यांनी लक्ष घातलं. पण राजा म्हटला की शिकारीचा शौक आला, आणि मध्य हिंदुस्थानातले सिंह तोवर संपलेले होते. उरले होते ते फक्त जुनागढच्या गीरमध्ये. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवले. काही वाटेतच मेले. उरलेले त्यांनी याच श्योपूरकडच्या जंगलात उंच भिंतींच्या आवारात ठेवले, वाढवले आणि पुढे रानात सोडले.

माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं जनावर रानात गेलं म्हणून एकदम रानटी होत नाही. त्याला माणसाची भीती नसते आणि भूक मात्र असते. ते सिंह गावांच्या गुरांवर आले, मग माणसांवर. त्यांना परत पकडावं लागलं. पुन्हा सोडले, पुन्हा तेच. शेवटी एकेक करून ते मारले गेले. महाराजांच्या शौकाचा हिशेब पुस्तकांत सिंहांच्या आकड्यांत मिळतो. ज्यांच्या गोठ्यातली गाय गेली, घरातलं माणूस गेलं, त्या सहारिया आदिवासींची आणि गुराख्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत. हौस महालात झाली आणि तिची किंमत पाड्यावर मोजली गेली.

कुनोचे चित्ते सरकारने आणले, त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत, मागे माणसं आहेत. तरी पुढच्या वर्षी त्यांतले काही हद्द ओलांडून गावांच्या शेतात जाऊन आलेच. ज्याच्या गळ्यात पट्टाच नाही, ज्याची कुठे नोंदच नाही, अशा घराघरांतल्या जनावरांचं काय?

तसं पाहिलं तर सिंह परवडला. तो दिसतो, मोजता येतो आणि वेळ आलीच तर बंदुकीने थांबतो. अमेरिकेत मायामी शहरात १९६६ साली एका मुलाने हवाई बेटांवरून तीन आफ्रिकन गोगलगायी खिशातून आणल्या. आजीने त्या बागेत सोडून दिल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. सात वर्षांत तिथून अठरा हजार गोगलगायी गोळा झाल्या, सरकारचे दहा लाख डॉलर खर्च झाले आणि १९७५ साली एकदाची ती तिथून संपली. २०११ साली त्याच मायामीत ती पुन्हा सापडली. या वेळी दहा वर्षं लागली. तिथे हे गंभीर धरतात त्याला पिकापलीकडचंही कारण आहे. उंदराच्या फुप्फुसातला एक जंत या गोगलगायीत वाढतो. तिचा चिकट लागलेली कच्ची भाजी न धुता पोटात गेली तर माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. आमच्या बायका महिनाभर हाताला पिशव्या बांधून वेचत होत्या. पण सुरुवातीचे चार दिवस तर आम्ही उघड्या हातानेच वेचलं होतं.

आपल्याकडे वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, पण तो प्रामुख्याने इथल्या जनावरांसाठी. घरात इग्वाना ठेवा, मकाव ठेवा, अजगर ठेवा; बाहेरच्या देशातलं असलं तर बरीच वर्षं विचारणारं कुणी नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अशा बऱ्याच परदेशी जनावरांची नोंद करणं बंधनकारक झालं. बाहेरून येऊन इथलं मोडणाऱ्या जातींवर बंधन घालायचा अधिकारही सरकारला मिळाला. चांगलं झालं. पण बरणी घेऊन बांधावर निघालेल्या आजोबाला अडवायला तिथे काही पोलीस उभा नसतो.

मागच्या मे महिन्यात, म्हणजे २०२४ ला, गुड्डू पुन्हा आला. आता मिसरूड फुटायला लागलंय. गाडीतून प्लॅस्टिकचा टब उतरवला. त्यात कासव. गालावर दोन्हीकडे लाल पट्टा.

“आबा, नाण्याएवढं होतं तेव्हा घेतलं होतं. आता बशीएवढं झालं. आई म्हणते, फ्लॅटमध्ये वास येतो. मी म्हटलं आपल्या विहिरीत सोडू. तुम्हीच म्हणता ना, कोंडलं की पाप लागतं.”

बायकोला आनंदच झाला. “विहिरीत कासव असावंच. पाणी निवळ राहतं. लक्ष्मी आली म्हणायची घरात.”

आपल्याकडे विहिरीत कासव सोडायची रीत जुनी आहे, माझ्या आजोबांनीही सोडलं होतं. पण ते इथल्या नदीतलं होतं. हे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकडचं. आपल्या कासवांचं खाणं खाणार, त्यांच्या ऊन खायच्या जागा बळकावणार. आणि आमची विहीर पावसाळ्यात तोंडापर्यंत भरते, शेजारून नाला जातो, नाला मांजरेला मिळतो. मी म्हणालो, “विहिरीत नाही सोडायचं.”

पोराचं तोंड उतरलं. “मग काय मारायचं?”

हा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे त्याला तयार उत्तर नव्हतं. ज्या दुकानातून घेतलं तो परत घेईना. मी दोन-तीन ठिकाणी फोन केले. ऐकून घेतलं सगळ्यांनी, पण घेऊन जायला कुणी तयार होईना. शेवटी मी पोराला जवळ बसवलं आणि त्याला सहा वर्षांपूर्वीची बरणीची गोष्ट सांगितली. दोन पेरण्या कशा गेल्या ते सांगितलं. साहेबाच्या दोन गोगलगायी सांगितल्या, शिंदे महाराजांचे सिंह सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे ती माझी गोगलगाय होती?”

मी म्हणालो, “तुझी नाही. सोड म्हणून मी सांगितलं होतं.”

त्या सुट्टीत आम्ही दोघांनी गोठ्यामागे सिमेंटचा हौद बांधला. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, ऊन खायला मध्ये दगड. वर लोखंडी चौकटीत जाळी आणि जाळीला कुलूप. सालगडी म्हणतो, “गुर्जी, सोन्याला कुलूप नाही आन् कासवाला कुलूप.” म्हणू दे.

हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. माझं वय आता सदुसष्ट. तेव्हा हिशेब सरळ आहे, आणि तो मी पोराला तोंडावर सांगितलाय: माझ्यामागे रान कुणाला जायचं ते जाईल, कासव तुझ्या नावावर. तो दर रविवारी फोन करून आधी कासवाचं विचारतो, मग माझं. मी आठवड्याला पाणी बदलतो. आणि मृगाचा पहिला ढग दिसला की बाकीची कामं टाकून एकदा त्या जाळीचं कुलूप ओढून बघून येतो.